साहेबांच्या बुलेटचा सायलेन्सर

चिंतामणी साहेबांची बुलेट चिखलोलीकडच्या वळणावर आली की तिचा आवाज आनंदनगरातल्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात पोचायचा, आणि तिथून गेटपर्यंत यायला तिला दीड मिनिट लागायचं. हे दीड मिनिट म्हणजे त्या कारखान्यातल्या बावीस माणसांची इस्टेट होती. मालकाने ती दिलेली नव्हती आणि मिळवून द्यायला तिथे युनियनही नव्हती. साहेबांच्या गाडीचा सायलेन्सर कुजून फुटला होता आणि साहेब तो बदलायला चिक्कू होते, म्हणून ती आपसूक मिळाली होती.

साहेब सुपरवायझर. रोज एक वाजता जेवायला बदलापूरला घरी जायचे, जेवून तासभर लवंडायचे आणि साडेतीनला परतायचे. त्या अडीच तासांत लोक काम टाकून झोपा काढायचे, असं कुणी समजू नये. काम होतच होतं, फक्त ते कोण करतंय एवढंच बदलायचं. कारण पाच नंबरच्या प्रेसवर धोंडिबा होता, आणि धोंडिबाला दिसत नव्हतं.

एक डोळा दहा वर्षांपूर्वी पत्र्याची कपची उडून गेलेला. दुसऱ्यात काचबिंदू. माणूस समोर आला की त्याला एक करडा डाग दिसायचा, आणि डाग बोलला की तो कोण ते कळायचं. सकाळभर तो हाताच्या सवयीवर प्रेस चालवायचा. डावीकडे पट्ट्यांचा डबा, उजवीकडे भोकं पाडलेल्या मालाचा, मधे डाय म्हणजे भोकाचा साचा, पायाखाली प्रेस खाली आणणारं पॅडल. चोवीस वर्षं हेच केलेल्या माणसाला डोळे लागतात कशाला? पण सवयीला वेग नसतो. दिवसाचा आकडा त्याच्याने भरत नसे. मग साहेब जेवायला गेले की चार नंबरवरचा जनू दोन्ही प्रेस एकटा चालवायचा, आणि धोंडिबा पत्र्याच्या गठ्ठ्यामागे पोतं टाकून बसायचा. बसायचा म्हणजे ऐकत बसायचा. पाच प्रेस खाडखाडत असताना बुलेटचा आवाज वेगळा काढणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. तो कान एकट्या धोंडिबाकडे होता. "उठा रे, आली," असं म्हणत तो स्वतःच उठायचा आणि प्रेसवर जाऊन उभा राहायचा.

हे आणखी सात महिने निभवायचं होतं. अठ्ठावन्नावं भरलं की धोंडिबा रिटायर होणार होता, आणि कारखान्याची जुनी रीत अशी की पर्मनंट माणूस नावावर डाग न लागता रिटायर झाला, तर त्याच्या घरातला एक माणूस त्याच्या जागी पर्मनंट घ्यायचा. धोंडिबाला मुलगा नव्हता. त्याच्या जागेवर लागणार होता सुदाम.

सुदाम त्याचा भाचा आणि जावईही. बाप लवकर गेला तेव्हा धोंडिबाने त्याला बुवापाड्यात आणून वाढवला, पुढे आपली शालन त्याला दिली आणि कारखान्यात बदली कामगार म्हणून चिकटवलाही. तीन वर्षं झाली, सुदाम बदलीच होता. कुणी आजारी पडलं तर काम, नाही तर गेटवरून परत. रविवारी तो घराच्या भिंतीला लागून मोटारसायकली दुरुस्त करायचा. हात चांगला होता. गाडीचा आवाज ऐकून आत काय सैल झालंय ते सांगायचा. हे ऐकणंही त्याला मामानेच शिकवलेलं होतं.

त्याचा हा हात साहेबांच्या कानावर गेला. एका सकाळी त्यांनी सुदामला केबिनमध्ये बोलावलं.

"सुदाम, माझ्या गाडीचं काहीतरी कर बाबा. सायलेन्सर पार गेलाय."

"नवीन टाका ना साहेब."

"नवीन काय भाव आहे माहीत आहे का तुला? उल्हासनगरला जा, बघ काय स्वस्तात जमतंय ते. जुना घे, कापून जोड, काहीही कर. पण एक अट. आवाज येता कामा नये. अजिबात नाही. माझी आई अंथरुणाला खिळलीये रे. मी दुपारी गेलो की दचकून उठते बिचारी."

साहेबांनी चहा मागवला. तीन वर्षांत केबिनमधला पहिला चहा. कपात बिस्किट बुडवताना सुदामच्या मनात एकदा येऊन गेलं की आवाज गेला तर मामाला कळणार कसं? पण आजारी म्हातारी आड आली आणि त्याला बरंच वाटलं. सुदाम मूर्ख नव्हता. तो सोयीपुरता मूर्ख होता, आणि ही जात फार वाईट.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये लेखराज नावाचा सिंधी जुन्या गाड्यांचे भाग विकायचा. त्याच्या दुकानात छपरापासून फरशीपर्यंत सायलेन्सर लटकलेले. त्याने आधी चकाचक क्रोम केलेला काढला.

"साईं, ये ले जा. ओरिजिनल को भी शरम आये."

सुदामने त्यात खिळा टाकून हलवला. खिळा या टोकापासून त्या टोकापर्यंत खुळखुळत गेला. म्हणजे आत काहीच नाही, नुसती नळकांडी. दुसऱ्यात लेखराजच्या माणसांनी चिंध्या कोंबलेल्या होत्या. चार दिवस गाडी गप्प बसली असती, पाचव्या दिवशी चिंध्या जळून धूर सोडला असता. तिसरा छान होता, पण अस्सल कंपनीचाच, आणि त्याची किंमत ऐकून साहेबांनी सुदामलाच लटकवलं असतं.

"सेठ, वो कोने में क्या है?"

"वो भंगार है. एक्सिडेंट का माल. वो मत ले, तेरे साहब को शोभा नहीं देगा."

सुदामने तो ओढून काढला. बाहेरून चेपलेला, गंजलेला, शेपूट वाकडं. त्याने एक तोंड तळव्याने बंद केलं आणि दुसऱ्या तोंडातून फुंकलं. हवा सरळ गेली नाही, वळसे घेत गेली. आतली भोकांची नळी आणि पडदे शाबूत होते. हाच तो! चिंध्यांच्या चुकीचं कारण सुदामला ठाऊक होतं. कोंबायचं ते हवेच्या वाटेत नाही, आतली नळी आणि बाहेरचा पत्रा यांच्या मधल्या पोकळीत कोंबायचं. हवेची वाट अडवली तर गाडी गुदमरते, आणि नुसता आवाज अडवला तर गाडीला कळतसुद्धा नाही. त्याने तो भंगाराच्या भावात घेतला. घरी आणून पत्रा कापला, चेप ठोकून काढले, भट्टीच्या पायपांना गुंडाळतात ती ग्लासवूल पोकळीत दाबून दाबून भरली आणि वेल्डिंग मारून काळा रंग दिला. इतकं देखणं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्या दोन दिवसांत तो मनापासून सुखी होता हे कबूल करायला हवं.

"कुनाचा हाय?" धोंडिबाने ओट्यावरून विचारलं.

"एका गिऱ्हाइकाचा, मामा."

खोटं असं नव्हतं. पण साहेबांचा आहे असं सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

सोमवारी साहेबांनी त्याला ऑन ड्यूटी म्हणून बदलापूरला घरी बोलावलं. त्याने जुना सायलेन्सर काढला, नवा बसवला, किक मारली. बुलेट सुरू झाली आहे हे कळायला टाकीवर हात ठेवावा लागत होता. साहेब खूश होऊन गाडीभोवती फिरले. तेवढ्यात आतून एक धडधाकट बाई मेथीची जुडी घेऊन ओसरीवर आली आणि पाट टाकून निवडायला बसली.

"काय रे, गाडीचा आवाज का घालवलास?" ती खणखणीत आवाजात सुदामला म्हणाली. "आवाज आला की मी पानं घ्यायची. आता कसं कळायचं हा आला ते?"

"आई, तू आत जा," साहेब म्हणाले.

अंथरुणाला खिळलेली आई समोर पाटावर बसून मेथी निवडत होती. आता सोयीपुरतं मूर्ख राहायचीसुद्धा सोय उरली नव्हती. घड्याळात सव्वादोन वाजले होते. साहेबांनी बूट चढवले.

"बस मागे. आज जरा लवकर जाऊ."

रस्त्यात साहेब मान वळवून बोलत होते. आवाज चढवावा लागत नव्हता, इतकी गाडी गप्प. "मालकांशी बोललोय तुझ्याबद्दल. असा कामाचा माणूस बदलीवर ठेवायचा म्हणजे पाप. एक तारखेला कागद निघेल. पर्मनंट. बोल?"

"तुमची कृपा, साहेब."

"मात्र माणूस आपला पाहिजे. कळलं ना?"

कळलं होतं. चिखलोलीचं वळण आलं आणि गेलं. सुदाम स्वतःशी हिशेब मांडत होता. मामा आज प्रेसवरच असेल. साहेब आधी केबिनमध्ये जातील. आणि गेटवर वॉचमन ओरडेलच की. सात महिन्यांनी जे मिळणारच होतं ते त्याला आत्ता हवं होतं, आणि आत्ता हवं म्हणून तो गप्प बसला होता. मागून एकदा हॉर्नकडे हात गेला असता, तर धडपडल्याचं निमित्त सांगता आलं असतं. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

वॉचमन स्टुलावर पेंगत होता. साहेबांनी गाडी आत घेतली, स्टँडवर लावली आणि शेडच्या दारात उभे राहिले. दाराजवळच्या प्रेसवरच्या माणसाने वर पाहिलं. त्याचं तोंड उघडण्याआधी साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. पुढचाही गप्प झाला, त्याच्या पुढचाही. साहेब शांतपणे चालत गेले आणि त्यांच्या मागून सुदाम. पाठमोरा जनू चार नंबरवरून पाच नंबरवर आणि पाचवरून चारवर नाचत होता, घामाने निथळत. गठ्ठ्यामागे धोंडिबा पोत्यावर बसला होता, मान कललेली, कान दाराकडे.

"जनू, तू तुझ्या मशीनवर जा," साहेब म्हणाले.

जनूचे हात जागच्या जागी थांबले. धोंडिबा उठला. उठताना त्याने गठ्ठ्याचा कोपरा चाचपला.

"काय धोंडिबा, बरं नाही का?"

"बरं हाय, साहेब. पानी प्यायला बसलो व्हतो जरा."

"मग चालव की. मी बघतो."

धोंडिबा प्रेसवर उभा राहिला. डावा हात डब्यात, पट्टी उचलली, डायवर बसवली, हात मागे, पॅडल. खाड. दुसरी. खाड. एकही वाकडी नाही. पाच झाल्या, आठ झाल्या, अकरा झाल्या. शेडमधले बाकीचे प्रेस एकेक करून थांबले होते. सुदामला वाटलं, निभावलं. म्हातारा निभावून नेतोय! त्याचा ऊर भरून आला, खरंच भरून आला.

बाराव्या पट्टीला साहेबांनी बुटाच्या टोकाने पट्ट्यांचा डबा वीतभर बाजूला सारला.

धोंडिबाचा हात नेहमीच्या जागी गेला. तिथे काही नव्हतं. हात थोडा पुढे गेला, थोडा खाली, मग हवेत बोटं उघडमीट करत राहिली. मग तो हात परत डायकडे आला, काही चुकलंय का ते चाचपायला, आणि पाय अजून पॅडलवर होता. धोंडिबाने स्वतःच पाय काढून घेतला.

"डबा कुठाय, धोंडिबा?"

"हितंच आसतो, साहेब."

"इथंच आहे. बघ ना."

धोंडिबाचा हात पुन्हा हवेत फिरला.

"अरे, बघ ना! समोर आहे."

कुणीतरी हसलं. ते भीतीने आलेलं हसू होतं, पण धोंडिबाला ते कसं कळावं? त्याची मान खाली गेली. साहेबांना घाई नव्हती. त्यांनी त्याला तसंच चाचपत ठेवलं, डबा सापडेपर्यंत. सापडल्यावर म्हणाले, "शाबास."

मग सगळं झटपट झालं. आंधळा माणूस प्रेसवर ठेवला आणि उद्या त्याचा हात गेला, तर मालक तुरुंगात जाईल, असं साहेब म्हणाले. यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच कुणाला उलट बोलता आलं नाही. धोंडिबाने स्वखुशीने राजीनामा दिल्याचा कागद तयार झाला. सही करताना साहेबांनी त्याचा हात धरून बरोब्बर जागेवर नेला. राजीनामा देणारा रिटायर होत नाही, तेव्हा त्याच्या जागेवर घरचं माणूस घ्यायचा प्रश्नच मिटला.

"आणि जनू," साहेब म्हणाले, "दोन मशीनला एक माणूस पुरतो, हे तूच दाखवलंस मला. आता तो माणूस सुदाम. तुझा हिशेब घेऊन जा."

एक तारखेला सुदाम पर्मनंट झाला. चार आणि पाच नंबर, दोन्ही एकट्याने. जनू रोज सकाळी भेटला की जयभीम घालायचा. हिशेब घेतला त्या दिवशी गेटवर तो सुदामकडे बघून थुंकला.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो तू," तो म्हणाला आणि निघून गेला.

धोंडिबा मात्र नेहमीसारखा सुदामच्या खांद्यावर हात ठेवून बुवापाड्यापर्यंत चालत आला. घरी शालनला एवढंच म्हणाला, "आज गाडीचा आवाजच आला न्हाई, बाय." शालनने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कुठं होता तेव्हा?"

"बदलापूरला. साहेबांच्या घरी काम होतं."

तिने पुढे विचारलं नाही. मामाला दिसत नाही ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या उपयोगी पडली होती.

पुढच्या महिन्यापासून आनंदनगरातल्या एकेका कारखान्यातले साहेब लोक बुवापाड्याची वाट विचारत येऊ लागले. चिंतामणी साहेबांच्या गाडीची कीर्ती पसरली होती. स्वस्तात होतं आणि आवाज येत नाही, एवढंच त्यांना हवं होतं. सुदाम प्रत्येकाला हो म्हणाला. दोन प्रेस चालवून हात गळून जायचे, मग रविवारी ग्लासवूल भरायचं काम धोंडिबा करू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस त्याने उघडा सायलेन्सर मांडीवर ओढून घेतला आणि बोटांनी पोकळी चाचपत भरायला सुरुवात केली. सुदामपेक्षा त्याचं भरणं चांगलं व्हायचं. काचेची कुसं बोटांत रुतायची, रात्रभर हात खाजायचे, पण तो कुरकुरला नाही. बसून खाण्यापेक्षा बरं, असं म्हणायचा. चार महिन्यांत त्यांनी सहा गाड्या गप्प केल्या.

सातवी गाडी येझदी होती. धोंडिबा ओट्यावर बसून भरत होता, सुदाम समोर पत्र्याची धार घासत होता.

"कुठल्या कंपनीचा साहेब हा?" धोंडिबाने विचारलं.

"मागच्या गल्लीतल्या रंगाच्या कारखान्याचा."

"जनू तिथंच लागलाय न्हवं?"

"हो."

धोंडिबा भरत राहिला. सुदामच्या हातातली कानस थांबली. जनू तिथे रात्रपाळी करून दुपारच्या पाळीलाही राहतो आणि मधे कुठेतरी ड्रमांच्या आड तासभर पाठ टेकतो, हे साऱ्या बुवापाड्याला माहीत होतं.

"मामा," सुदाम हळूच म्हणाला, "जनूला सांगून ठेवू का? गाडी आता वाजणार नाही म्हणून?"

"मला सांगितलं व्हतंस?"

सुदामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी तेव्हा बदलापूरला..."

"साहेबाच्या बुटामागं तुझी चप्पल वाजत व्हती," धोंडिबा म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि सुदामला तो असता तर बरं वाटलं असतं. "बूट कुनाचा ते खाडखाडीत नक्की कळंना, तुझी चप्पल कळली, म्हनून बसून ऱ्हायलो. चोवीस वरसं त्या शेडात चाललोय मी. दारापासनं माझ्यापतुर एकवीस पावलं हायेत. दर पावलाला वाटत व्हतं, आता खोकंल माझा सुदाम. आता खोकंल."

सुदामने कानस खाली ठेवली. धोंडिबाने सायलेन्सरच्या पोकळीत दोन बोटं घालून दाबून पाहिलं आणि मोकळा हात पुढे केला.

"दे, आजून दे. ढिलं ऱ्हायलंय."

शालन उंबऱ्यात उभी होती, आणि ती केव्हापासून उभी आहे हे सुदामला कळलं नाही. त्याने ग्लासवूलचा आणखी एक पुंजका फाडला आणि मामाच्या हातावर ठेवला.